शेवटच्या बोटीची तारीख

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोणतंही पत्र हातात आलं की आधी शिक्का वाचत, मग जमलं तर मजकूर. माझ्या भावाची लग्नपत्रिका आली तेव्हा "सातारा, ठसा जरा फिका आहे," एवढंच म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. लग्न कोणाचं, हे चार दिवसांनी विचारलं.

नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून हा माणूस समुद्रापलीकडच्या एका बेटाच्या टपालाचा इतिहास लिहीत होता. बेट एवढंसं, वस्ती आमच्या आळीपेक्षा कमी, बोट वर्षातून दोनदा. मामंजींनी स्वतः कधी समुद्र पाहिला नव्हता. एवढ्या लांबचं बेट कशाला, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "जवळचे कुठे पत्रं लिहितात?"

त्यांच्या वहीचा एक नेम होता. शिक्क्यावर स्वतः पाहिलेली तारीख शाईने, ऐकीव तारीख पेन्सिलने. ऐकीव असेल तर पुढे सांगणाऱ्याचं नाव, तेही शाईने; कारण ते खात्रीचं. "शिक्क्यावाचून तारीख म्हणजे अफवा," ते म्हणत. इतर देशांची तिकिटं सोडवायला मला त्यांनीच शिकवलं. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात ठेवायचा आणि थांबायचं. "सूनबाई, घाई पोळ्यांना करा, याला नको." बेटाच्या पाकिटांना मात्र कोणाला हात लावू देत नसत. का, ते कधी सांगितलं नाही.

पुढे बेटावरची माणसं कायमची दुसरीकडे हलवणार असं कळलं. शेवटची बोट लागेल त्या दिवशी तिथलं पोस्ट बंद. बोट कधी लागेल हे तिथेही कोणी सांगू शकत नव्हतं. मामंजींनी स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट तिथल्या पोस्टमास्तरांकडे धाडलं, शेवटच्या दिवशी शिक्का मारून परत पाठवा म्हणून. वहीचं शेवटचं पान कोरं ठेवलं आणि सात-आठ महिने रोज पोस्टमनची वाट पाहत दारात बसले.

पाकीट आलं तेव्हा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. घरी आल्यावर त्यांना आनंद व्हावा म्हणून मी कोपरा कापला, तिकीट सोडवलं, वर्तमानपत्रात दाबून ठेवलं. उरलेलं पाकीट बंबात घातलं. शिक्क्याची फक्त कड तिकिटावर आली होती. तारीख पाकिटाबरोबर जळाली. हे मला त्यांचा चेहरा पाहून कळलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिकीट भिंगाखाली धरून म्हणाले, "कडेचा एक दातसुद्धा मोडला नाही. छान शिकलात." मग जरा वेळाने, "तारीख वाचली होतीत का?"

मी वाचली नव्हती. "हो," मी म्हणाले आणि तोंडाला आली ती तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि वही मागितली.

त्यानंतर ते दारात बसले नाहीत. पोस्टमन आला तरी मान वर करत नसत. वर्ष पुरं व्हायच्या आत गेले.

तेराव्यानंतर मी वही उघडली. शेवटच्या पानावर ते तिकीट होतं आणि खाली मी सांगितलेली तारीख, पेन्सिलने. नेम म्हणून, की माझं खोटं ओळखलं म्हणून, हे आता कोणाला विचारू? तारखेपुढे शाईने माझं नाव होतं.

पेन्सिल पुसट होत चालली आहे. आणखी काही वर्षांनी त्या तिकिटाखाली माझं नाव तेवढं उरेल.