काकूचा स्पीकर

रविवारी सकाळी डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही… म्हणून लिहितोय.

हिवाळ्यात मी पिंपळवंडीत आमच्या मळ्याकडे दुर्बीण घेऊन पाटाच्या कडेनं फिरतो. गप्पीदास, धोबी असले पक्षी दिसतात, आणि नशीब असेल तर शंकर… चिमणीएवढा पक्षी, गळा निळाशार, थंडीपुरता लांबून येणारा. मागच्या आठवड्यात त्याचा फोटो टाकला आणि पुण्यातल्या चार ओळखीच्यांचा फोन आला, आम्हालाही दाखव. म्हटलं, या की.

पाटाच्या अलीकडे चुलत्यांचं कांद्याचं वावर, त्याला लागून उभा ऊस. सुमनकाकू तिथे एकटीच खुरपत होती, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं आणि तो थेट मान धरतो, म्हणून आमच्याकडे आता असंच खुरपतात.

बांधावर तिचा पेनड्राइव्हचा स्पीकर, त्यावर गवळणी मोठ्यानं चालू. ती काही हौस नाही… आवाज असला की बिबट्या सहसा उसाबाहेर येत नाही. हे सगळं मी चौघांना गाडीतून उतरतानाच सांगितलं होतं.

मी शंकर शोधत पाटानं पुढे गेलो आणि मागे गवळण मध्येच थांबली. तसाच पळत आलो.

काकू धड होती, खाली मान घालून खुरपत होती. ऊस तिच्या पाठीशी आणि स्पीकर बंद. वर त्या चौघांतला एक कॅमेरावाला ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प करतोय!

"काकू, स्पीकर का बंद केला?"

"त्या पावण्यांनी सांगितलं. पाखरू उडतंय म्हनं. लांबून आलेत, न्हाई कसं म्हनू?"

"अरे, पाचच मिनिटं…" कॅमेरावाला पुटपुटला.

पाच मिनिटं! मी असा ओरडलो की पाटावरचे बगळेसुद्धा उडाले. म्हटलं, तिच्या जागी तू वाकून बस पाच मिनिटं, मी काढतो तुझा फोटो.

तर काकू उलट माझ्यावरच डाफरली, "वरडू नको रे, पावणं हायेत ते!" त्या माउलीला तेव्हाही त्यांच्याच मानाची काळजी.

स्पीकर मी परत लावला, फुल आवाजात. आणि गंमत बघा… थोड्या वेळानं शंकर गवतातून आपणहून बाहेर आला आणि काकूनं नुकत्याच खुरपलेल्या वाफ्यात किडे टिपायला लागला. रोज गवळणी ऐकणाऱ्याला त्या आवाजाचं काय? चौघांनी पोटभर फोटो काढले, पण जाताना काकूला एक शब्द कुणी बोललं नाही.

संध्याकाळी त्या कॅमेरावाल्याची पोस्ट आली. तोच शंकर, तोच वाफा, आणि वर लिहिलेलं… 'गावाकडची शांतता, शब्दच नाहीत.' खाली बदामांचा पाऊस.

भाऊ, आमच्याकडे वावरात शांतता झाली, की घरातली माणसं काठ्या घेऊन पळत सुटतात.