वडिलांचा व्हायोला

व्हायोल्याच्या गजाला लावायच्या राळेचा वास आला की उचगावच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानातली ती दुपार आठवते. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना त्यांचाच व्हायोला, व्हायोलिनहून थोडा मोठा, माझ्या हातून ऐकायचा होता. दुकानातल्या चाचांनी टेपने माझं मानेपासून तळहातापर्यंत माप घेतलं. "ताई, ह्यो तुमच्या हाताला लई मोठा हाय. इंचभर लहान घ्या, न्हायतर खांदा जाईल की." मी ऐकलं नाही, दुसऱ्या व्हायोल्याचा आवाज वडिलांनी लगेच ओळखला असता. वर्षभर रोज वाजवला. करंगळी ताणली की खांद्यातून कळ जायची, आणि वडील डोळे मिटून ऐकत राहायचे. ते गेले त्या सकाळी त्यांना खांदा द्यायला पुढे झाले, तर डावा हात वरच जाईना. आता माझी वेणी मुलगी घालते. हाताला काय झालं असं तिने विचारलं, तर "पडले होते" एवढंच सांगते.