हार्कनेस बिल्डिंगचा मागचा जिना

बुलावायो शहराच्या भर बाजारातल्या हार्कनेस बिल्डिंगला नव्वद वर्षं झाली, तेव्हा नव्या मालकाने डागडुजी काढली आणि इमारतीचा इतिहास लिहायला बुखोसी नावाच्या तरुण वास्तुतज्ज्ञाला धाडलं. दुसऱ्या मजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. मी त्याला म्हटलं, "कागद कसले चाळतोस? मान्योनीला विचार."

मान्योनीने साठ सालापासून इथल्या फरश्या पुसल्या. आता ऐंशी उलटली, तरी दुपारी माझ्याकडे येऊन बसते आणि माझ्या शिलाईला नावं ठेवते.

बुखोसी तिच्यासमोर अदबीने उकिडवा बसला. "गोगो," आजीला म्हणतात तसं तो म्हणाला, "लिफ्ट कधी बसवली?"

"मला काय ठाऊक! आम्हाला पाऊल कोण ठेवू देत होतं? पुढचं दार गोऱ्यांचं, लिफ्टही त्यांचीच. आम्ही मागच्या गल्लीतून, लोखंडी जिन्याने."

"तो आता काढायचाय. गंजलाय पार."

मग मान्योनीने जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मीही ऐकलं नव्हतं.

त्रेसष्ट साली तिसऱ्या मजल्यावर बादली उचलताना तिला कळा सुरू झाल्या. ती कशीबशी लिफ्टपाशी गेली. आत गोरा मॅनेजर उभा होता आणि लिफ्ट चालवणारा होता तिचाच नवरा, जाबुलानी. त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मान खाली घातली आणि जाळीचं दार ओढून घेतलं. ती कठडा धरून मागच्या जिन्याने उतरू लागली. मधल्या टप्प्यावर पाय पुढे टाकवेना. ऑफिसात चहा करणारी बाई धावत आली, तिने आपली चादर आडोशाला धरली. तिचा मुलगा म्लामुली तिथेच जन्मला.

"आणि म्लामुलीचे बाबा?" बुखोसीने हळूच विचारलं.

"वर्षभर बोलले नाही त्याच्याशी. जेवण वाढायचे, बोलायचे नाही. नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं, हे मलाही कळत होतं रे. कळलं म्हणून दुखायचं थांबतं का?"

"मग?"

"ऐंशी साली गोऱ्यांचं राज्य गेलं, स्वातंत्र्य मिळालं. त्याच आठवड्यात त्याने मला लिफ्टमध्ये घातलं. वर, खाली, पुन्हा वर. तो रडत होता आणि मला भोवळ येत होती. म्हटलं, बास कर, नाहीतर तुझ्या बुटांवर ओकेन!"

ती हसली. बुखोसीला हसावं की नाही कळेना.

जिना काढू नका, अशी त्याने मालकाला गळ घातली. मालक म्हणाला, बाळंतपणं सगळीकडे होतात. पण महिन्याभराने अग्निशमन खात्याचा माणूस पाहणीला आला आणि आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट हवीच म्हणाला. नवा जिना महाग पडत होता, म्हणून जुनाच दुरुस्त झाला.

बुखोसीने मान्योनीची हकीकत पुस्तिकेत दोन पानं भरून छापली. जाबुलानीचं नाव घालू का, असं त्याने आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "घाल. पण ऐंशी सालचंही लिही."

जिन्याला त्यांनी पिवळा रंग दिलाय. मान्योनीला तो मुळीच आवडलेला नाही.