वीस बोअरची काडतुसं

“खिसा दखाडा भाऊ,” म्हणत आबा हात पुढे करायचे. गिऱ्हाईक खिसा उलटा करून दाखवत नाही तोवर काडतुसाला हात लावू द्यायचे नाहीत.

धुळ्यातल्या त्या बंदुकीच्या दुकानात मी विकायला बसायचो आणि आबा आत काडतुसं भरायचे. तितर-लाव्यांसाठी लागणारी वीस बोअरची, बारीक छऱ्यांची काडतुसं त्यांच्यासारखी भरणारा उभ्या खानदेशात नव्हता. तुम्ही म्हणाल, खिशाचं एवढं काय? तर ऐका. बोअर म्हणजे नळीचं माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. वीस बोअरचं बारकं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत घातलं, की ते घसरून नळीत पुढे अडकतं. माणसाला वाटतं, बंदूक रिकामीच आहे. तो मागून मोठं काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी त्याच्या हातात फुटते. म्हणून एका खिशात दोन मापं आबांना चालायची नाहीत.

एकदा एक गोरा साहेब हवेत फेकलेल्या मातीच्या बशा छऱ्यांनी उडवायच्या सरावासाठी काडतुसं न्यायला आला. त्यालाही आबांनी सोडलं नाही. साहेबाच्या खिशातून अर्धवट खाल्लेलं बिस्कीट निघालं. “हाई चालस,” आबा गंभीरपणे म्हणाले. साहेब गेल्यावर मी पोट धरधरून हसलो.

एका साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांची एकुलती लेक माहेरी आली. सण झाल्यावर धरणगावचे जावई तिला न्यायला आले. येताना त्यांनी आपली बारा बोअरची बंदूक आणली होती. जाण्याआधी तितर मारायचे होते. आबांनी आपल्या हातांनी भरलेली मोठी काडतुसं त्यांच्या ओंजळीत घातली. पण खिसा? जावयाला खिसा दाखवा म्हणायचं कसं? आमच्याकडे जावयाशी मोठ्याने बोलतानाही सासरा दबकतो. मी समोरच होतो. मला खटकलं, पण माझीही दातखीळ बसली. त्याचा मला अजून राग येतो.

त्याच दुपारी बैलगाडीतून जावयांचं प्रेत आलं. फुटलेल्या नळीत वीस बोअरच्या काडतुसाचं पितळी बूड होतं. कधीतरी मित्राच्या बंदुकीसाठी घेतलेलं ते काडतूस त्यांच्या कोटाच्या खिशात राहून गेलं होतं.

महिन्याभराने लेक आबांचा डबा घेऊन दुकानात आली. मला म्हणाली, “नाना, आबानी त्यासना खिसा देखा व्हता ना?”

“पाहिला होता,” मी धडधडीत खोटं बोललो.

आतून आबा बाहेर आले. “नही देखा, माय. जवाई व्हतात ते.”

तिने भाकरी वाढली, बापाचं जेवण होईपर्यंत समोर बसली आणि संध्याकाळच्या गाडीने सासरी निघून गेली. आबांनी माझ्याकडून तिला तीन पत्रं लिहून घेतली. एकाचंही उत्तर आलं नाही.

चौथ्या वर्षी आबा गेले. ती आली, तेव्हा त्यांना आम्ही अंगणात निजवलं होतं. तिने त्यांचे पाय धरले ते सोडेचना. लोक म्हणाले, “नाना, तुम्ही समजवा तिला.” मी काय समजवणार होतो, कपाळ?