मशिनवाल्या चाचांची स्कॉलरशिप

त्या वर्षांत कोल्हापुरात जेवढी हृदयं धडधडत होती, त्यातली निम्मी तरी आमच्या मशिनवाल्या चाचांच्या मेहेरबानीवर धडधडत होती, असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या डॉक्टरांना ते मान्य होणार नाही, पण चाचांना पूर्ण मान्य होतं. राजारामपुरीत आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वह्या-पुस्तकांचं दुकान आणि त्याला लागूनच चाचांची खोली. दारावर पाटी नव्हती. "पाटी लावली की लोकं रेडिओ घिऊन येत्यात," असं ते म्हणायचे. रेडिओला त्यांनी कधी हात लावला नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र, एक्स-रेचं मशीन, कार्डिओग्रामचं मशीन, असं माणसाच्या जिवाशी नातं असलेलंच सामान त्यांच्या टेबलावर चढायचं. आलेल्या मशीनशी ते आदरानं बोलत. "काय होतंय तुमास्नी? कुठं दुखतंय?" हे ते इतक्या मायेनं विचारत, की त्या मशीनच्या मालकानं आपल्या पेशंटलाही कधी तसं विचारलं नसेल. मालकांचा मात्र मुलाहिजा नाही. गावातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी एकदा कार्डिओग्रामच्या मशीनवर चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग चाचांना दिसला, आणि दुरुस्ती होऊनही त्यांनी आठ दिवस मशीन परत दिलं नाही. "त्यास्नी जरा इसावा पायजे. तुमीबी घ्या," असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. गंमत म्हणजे डॉक्टरांनी ऐकून घेतलं, कारण चाचांच्या हातून गेलेलं मशीन कधी बंद पडत नसे.

त्याचं कारण अर्थिंग, म्हणजे भरकटलेली वीज जमिनीत सोडणारी तार. मशीन कुठलंही असो, चाचा आधी मागचा अर्थिंगचा स्क्रू तीनदा पिळायचे आणि मशीन खोलीबाहेर पडताना पुन्हा तीनदा. एकदा मेव्हण्याच्या लग्नाला मिरजेला जायला ते चाचीबरोबर एसटीत बसले होते. गाडी सुटता सुटता त्यांना वाटलं, सकाळी दिलेल्या मशीनचा स्क्रू आपण दोनदाच पिळला. चाचीला तशीच पुढं पाठवून हे खाली उतरले. दवाखान्यात जाऊन बघतात तर स्क्रू घट्ट. मग त्यांनी समाधानासाठी आणखी एकदा पिळला आणि मिरजेला गेले, तोवर जेवणं उरकून लोक विडे खात बसले होते. चाची हा किस्सा मला दरवर्षी नव्यानं सांगायची, आणि दरवर्षी तितकीच रागवायची.

शिक्षण सातवीपर्यंत, पण स्कॉलरशिप या विषयातला त्यांच्याइतका जाणकार जिल्ह्यात नव्हता. अण्णांच्या दुकानातले शिळे पेपर ते रोज चाळायचे, कुठल्या ट्रस्टची, कुठल्या संस्थेची शिष्यवृत्तीची जाहिरात दिसली की कापायचे आणि एक्स-रेच्या जुन्या पाकिटात ठेवायचे. वही घ्यायला आलेल्या पोराला मार्क विचारून ते एक कात्रण हातावर ठेवत. फॉर्म भरून द्यायचीही हौस, पण त्यात रिकामी जागा त्यांना बघवत नसे. एका मुलाच्या फॉर्मवर 'परदेशात वास्तव्य असल्यास तपशील' या रकान्यात त्यांनी 'अजून योग आला नाही, इच्छा आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्याला ती शिष्यवृत्ती मिळाली, त्यामुळे पुढं त्यांना कुणी काही बोलू शकलं नाही.

मी सांगलीहून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन आले होते, पण सुट्ट्यांतल्या सगळ्या संध्याकाळी चाचांच्या खोलीत गेलेल्या. मला दवाखान्यातल्या मशीनचंच पुढं शिकायचं होतं. मुंबईला बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, त्यात प्रवेशही मिळाला. अण्णांनी एकच अट घातली. "स्कॉलरशिप मिळाली तर खुशाल जा. न्हाईतर इचलकरंजीच्या लोकांना मी हो म्हणून टाकतो." इचलकरंजीचा मुलगा वाईट नव्हता. त्याचे चोवीस माग होते आणि तो चोवीसही मागांविषयी सविस्तर बोलायचा.

चाचांनी पाकीट उपडं केलं. वैद्यकीय शिक्षणाला मदत करणाऱ्या ट्रस्टनं कळवलं, आपण इंजिनिअर आहात, तिकडं अर्ज करावा. इंजिनिअरांच्या ट्रस्टनं कळवलं, विषय वैद्यकीय दिसतो, तिकडं अर्ज करावा. चाचांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ वेळ बघितली. "दोगंबी खरं बोलत्यात," ते म्हणाले, "आन् पोरगी मधल्या मधी ऱ्हातीया."

राहता राहिला गावातलाच एक लहानसा ट्रस्ट. त्याची रविवारी सकाळी मुलाखत होती. समोर तिघं: अध्यक्ष म्हणजे गुळाचे जाडजूड व्यापारी, एक निवृत्त हेडमास्तर आणि ते चहाच्या कपाचे डॉक्टर. अध्यक्षांनी अर्ज उलटासुलटा केला आणि विचारलं, "डाक्टर व्हायचं का इंजनेर? एक कायतरी ठरीव की पोरी." मी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. इचलकरंजीचे चोवीस माग माझ्या कानात खडखडायला लागले.

तेवढ्यात चाचा आत आले. खांद्यावर डॉक्टरांचंच कार्डिओग्रामचं मशीन, दुरुस्त करून परत द्यायचं होतं ते. "सायेब, हिला तोंडानं सांगाय येत न्हाय, हातानं येतंय. तुमी जरा आडवं व्हा," असं ते अध्यक्षांना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की अध्यक्ष धोतर सावरत खरोखरच टेबलावर आडवे झाले. मी हातापायांना वायरी लावल्या. चाचांनी बटण दाबलं, आणि सुई हिव भरल्यासारखी थरथरायला लागली. कागदावर नुसता काळा पट्टा उमटला.

"काय झालं? गेलो काय मी?" अध्यक्षांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"मिस्त्री, हे तुम्ही दुरुस्त केलंय?" डॉक्टर म्हणाले.

चाचांनी डोकं खाजवलं. "व्हय की. काय समजंना बगा. म्या हात टेकलं."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, पण तेव्हा मला त्याचं भान नव्हतं. मुलाखत विसरून मी मशीन फिरवलं. मागचा स्क्रू पार सैल. तो पिळला, तशी सुई शहाण्यासारखी चालायला लागली. भिंतीतल्या वायरींची वीज मशीनमध्ये कशी शिरते, ती कशी वेगळी काढायची, कागदावरचं कुठलं टोक हृदयाचं काय सांगतं, हे मी दहा मिनिटं न थांबता बोलत होते. अध्यक्षांनी आढ्याकडं बघतच निर्णय दिला. "माझ्या काळजातलं हिला कळतंय, आन् हिला कुठं बसवायची त्ये आपल्याला कळंना व्हय? द्या स्कॉलरशिप."

मुंबईला प्रयोगशाळेत पहिलाच धडा अर्थिंगचा निघाला. मला हसू आलं, आणि मग एकदम थांबलं. एका स्क्रूसाठी मेव्हण्याचं लग्न चुकवणारा माणूस तो सैल कसा ठेवील?

दिवाळीत घरी आले ती तडक चाचांच्या खोलीत. दारावर पाटी होती. टेबलावर एक रेडिओ उघडा पडला होता. चाचीनं चहा देता देता सांगितलं, त्या रविवारनंतर डॉक्टरांनी चाचांना काम देणं बंद केलं, मिस्त्रींचा हात गेला म्हणून बाकीच्यांनाही सांगितलं. आता मशीनला पुण्याहून माणूस येतो.

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही स्क्रू मुद्दाम सैल केला होता. मी आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगते."

चाचा माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "सांगशील तर त्ये म्हनतील नाटक केलं. स्कॉलरशिप जाईल तुजी. दोन वर्सं गप ऱ्हा." मग ते रेडिओवर वाकले आणि त्याच मायेनं म्हणाले, "काय होतंय तुमास्नी?" मला तिथं बसवेना. चहा तसाच टाकून मी दुकानामागं जाऊन रडले.

दोन वर्षं गप्प राहिले. डिग्री मिळाल्यावर स्टेशनवरून सरळ डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः मशीन घेऊन चाचांच्या दारात आले. चाचांनी आधी वर चहाचा डाग आहे का ते तपासलं. "ठेवा तितं," ते म्हणाले, "आदी एकाचा रेडिओ हाय, त्यो झाल्यावर बगतो."

चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली. स्क्रू आपण सैल केला हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. कितीदाही विचारलं तरी उत्तर एकच, "मानूस हाय. इसरतो की." मी रोज मशीनचे स्क्रू तीनदा पिळते. आयुष्यात तो माणूस एकदाच विसरला, आणि ते माझ्यासाठी.