सोनीबाईंना दिलेली कादंबरी

आमच्या राजुरीच्या वाचनालयात फुकट पेपर वाचायला येणारे ढीगभर. कादंबरीसाठी शेतातून तशाच मातीच्या पायांनी येणाऱ्या एकट्या सोनीबाई. त्यांची अट एकच असायची. ‘‘ताई, आपल्या गावासारखं काय नको. लई लांबचं द्या.’’

म्हणून नवी कादंबरी आली, तशी मी ती आधी त्यांच्यासाठीच काढून ठेवली. दोन चंद्रांचा मुलूख, पाऊस विकत घेणारी शहरं, नावाड्याच्या प्रेमात पडलेली राजकन्या. आणि एक नदी. प्रेमाखातर ती ओलांडून जाणाऱ्याला मागे राहिलेले सगळे विसरतात, जन्मदाती आईसुद्धा. मी तर रडून डोळे सुजवून घेतले होते आणि दिसेल त्याला ‘वाचाच’ म्हणत सुटले होते.

सोनीबाई पुस्तक परत घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. ‘‘त्या आईचं बरंय,’’ एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या लेकीनं, आरतीनं, पेठच्या मुलाशी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा घरच्यांनी ती मेली म्हणून तिच्या नावानं आंघोळ केली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नाही. जिवंत लेकीचं सुतक पाळणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

मग सोनीबाईंनी हळूच विचारलं, मी पुण्याला जाताना पेठला उतरेन का. पुस्तक आरतीला द्यायचं होतं. ती घरी होती तेव्हा एकाच पुस्तकासाठी मायलेकी भांडायच्या. ‘‘तिला सांगा, त्या आईवानी मी इसरले न्हाई.’’

आरतीनं मला चहा दिला, पुस्तक हातात घेऊन पानं चाळली. निरोप ऐकला आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. ‘‘भावानं सांगितलंय मला. माझ्या नावाच्या आंघोळीचं पाणी आईनंच काढून दिलं व्हतं. मेलेल्या माणसाला पुस्तक कशाला, ताई?’’ रागावावं तरी कुणावर, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच सोनीबाई पायरीवर बसल्या होत्या. माझ्या पिशवीतलं पुस्तक पाहून काय ते समजल्या.

‘‘हातात तरी धरलं व्हतं का तिनं?’’

‘‘धरलं होतं. पानंही चाळली.’’

त्यांनी पुस्तक घेतलं आणि पदराखाली छातीशी धरलं. ‘‘मग ऱ्हाऊ द्या आणखी माझ्याच नावावर.’’