गोकर्ण, झेंडू, वीट

गंगाला जाऊन सव्वा महिना झाला. तरी सकाळी चूल पेटवली की माझा हात आपोआप फळीवरच्या स्पिरिटच्या दिव्याकडे जातो...

गंगा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन अमरावतीजवळच्या या मळ्यात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिला मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. औषध मुंबईहून पार्सलने येई, ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायचे. रोज काचेच्या नळीत डॉक्टरांनी दिलेले निळे पाणी घ्यायचे, त्यात तिच्या लघवीचे आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, लाल होत गेला तर वाढलेली. आमचे घर फुलाभाजीचे, म्हणून सासूबाईंनी रंगांना नावे दिली होती... गोकर्ण, मिरची, झेंडू, वीट. घरात लिहिता येणारी बाई मी एकटी, चौथी शिकलेली. म्हणून रोजचा रंग लिहून ठेवायची वही माझ्याकडे आली.

एकदा डॉक्टर गंगाला म्हणाले, "आठ दिवस निळा आला, तर संध्याकाळची सुई बंद करून पाहू." दुसऱ्याच दिवशी नळीत झेंडू उतरला. ती माझ्या पदराला लोंबकळली. "वयनी, गोकर्ण लिव ना वं. टोचते मले, तुले काय होते?" मला कुणालाच नाही म्हणता येत नसे. आठ दिवस मी गोकर्ण लिहिले.

सुई बंद झाली. चौथ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वासाला नासक्या फळांसारखा वास येऊ लागला, आणि हाक मारली तरी ती डोळे उघडेना. दमणी जुंपून दवाखान्यात नेले. डॉक्टर वही पुन्हा पुन्हा उलटत होते. "यात तर सगळं निळं आहे..." सासूबाई कडाडल्या, "मंग तुमचं औषधच खोटं निघालं, साहेब!" मी घरच्या पुरुषांसमोरही बोलत नसे. दाराआडून म्हटले, "औषध नाही. वही खोटी हाये. म्या लिवली."

डॉक्टरांनी सुई भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पाणी मागितले. सासूबाई माझ्याकडून वही काढून घेत होत्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांच्याकडेच राहू द्या. आता या चुकायच्या नाहीत."

कुणी लिहायला लावले, हे मी सांगितले नाही. गंगाला ते ठाऊक होते. पुढे ती आपली सुई आपणच टोचू लागली, आणि अंगणातून ओरडे, "वयनी, आज वीट! तुह्या पुरणानं घात केला. लिव, खरं लिव!"

विशी उलटल्यावर तिची नजर गेली, मग पायांवर सूज चढली. रंग मी पाहून सांगू लागले. शेवटच्या सकाळी तिने विचारले, "कोणता हाये वं?" नळीत वीट होती. मी म्हटले, "गोकर्ण."

ती हसली. "तुले अजून खोटं बोलता येत नाही, वयनी. वहीत खरं लिव." दुपारी ती गेली.

वहीत त्या दिवशी वीटच आहे. त्याखालच्या ओळी कोऱ्या. पण तोंडाने मी गोकर्ण म्हटले होते, ते कुठेच लिहिलेले नव्हते... म्हणून इथे लिहिले.